शिक्षकांचे ५० तास: प्रमाणपत्रासाठी की वर्गासाठी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. २०१७ पासून 'दीक्षा' आहे, २०१९ मध्ये 'निष्ठा' प्रशिक्षण सुरू झाले. सोय मोबाइलवर आली. पण तास भरले म्हणजे वर्ग बदललाच, असे नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला. त्यांच्या विद्यार्थ्यांना पुस्तकाची भाषा अवघड जात होती. त्यांनी पुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली, त्यांना क्यूआर कोड जोडले. म्हणजे आधी अडचण, मग तंत्रज्ञान.

शिक्षकांनी काय करावे?

• कोर्स निवडण्याआधी अडचण ठरवा. उदाहरणार्थ, चौथीला अपूर्णांक जमत नाहीत.
• शाळेत रेंज नसेल तर व्हिडिओ घरीच डाउनलोड करा.
• शिकलेली एक गोष्ट त्याच आठवड्यात वर्गात वापरा.
• काय जमले, काय फसले, ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत सांगा.

अधिकाऱ्यांनीही नुसती प्रमाणपत्रे मोजू नयेत. 'वर्गात काय बदलले?' हा प्रश्न विचारला, तरच हे ५० तास मुलांपर्यंत पोहोचतील.