‘फुकट’ खेळाडूचे मोल

करार संपलेला फुटबॉलपटू युरोपीय समाजातील दुसऱ्या देशात जात असेल, तर जुन्या क्लबाला मोबदला मागता येणार नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १९९५ साली बोसमन खटल्यात दिला. तेव्हापासून असा खेळाडू ‘फुकट’ मिळतो, ही समजूत चाहत्यांत रूढ झाली. इटलीच्या युव्हेंटसचे चाहते या प्रश्नावर दुभंगले, यात नवल नाही. समर्थक पिर्लोचा दाखला देतात. २०११ साली तो मिलानहून विनामोबदला आला आणि क्लबाने लागोपाठ चार वर्षे लीग जिंकली. २०१२ साली तसाच आलेला पोग्बा तर २०१६ साली साडेदहा कोटी युरोंना विकला गेला!

पण पोग्बा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, हे समर्थक सोयीस्करपणे विसरतात. वाचलेला मोबदला बहुधा वेतनात आणि दलालीत जातो. त्यातून कोवळा खेळाडू पुढे विकता तरी येतो. भारी वेतनाचा, दुखापतींनी गांजलेला गडी कोण घेणार? २०१९ साली आर्सेनलहून विनामोबदला आणलेल्या रॅमसीला २०२२ च्या जानेवारीत रेंजर्सकडे उसना धाडावे लागले, आणि त्याच वर्षी, मुदतीपूर्वीच, त्याचा करार आपसांत मोडावा लागला.