पुढचा हुक आणि अतिभार

मृगाच्या पहिल्या दमदार सरींनंतर मराठवाडा-विदर्भातील काळ्या जमिनीचे रूप पालटते. उन्हाळ्यात भेगाळलेली ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते आणि पाणंद रस्त्यावरच्या भरल्या पिकअपला बघता बघता अ‍ॅक्सलपर्यंत पोटात घेते. दुकानाचे काम मात्र पावसासाठी थांबत नाही. बियाणे आणि खत बांधापर्यंत पोहोचवायचे असते; शेतकऱ्याने राखून ठेवलेली तूर वा हळद भाव चढताच उचलायची असते. साधू-साध्वींचा विहार चातुर्मासात थांबतो. श्रावकाची गाडी नेमकी त्याच दिवसांत चिखलात फिरत असते.

गाडी रुतल्यावरचे दृश्य सगळीकडे सारखेच. जवळपासचा ट्रॅक्टर बोलावला जातो, कोणीतरी ‘टोचन लावा’ म्हणतो आणि साखळी जेथे हात पोहोचेल तेथे अडकवली जाते: बंपरला, स्प्रिंगच्या पाट्याला, कधी टाय रॉडला. ट्रॅक्टर झटका देतो. बहुतेक वेळा गाडी निघते आणि घटना विसरली जाते. एखाद्या वेळी मात्र गाडीऐवजी बंपर निघतो, किंवा हुक उपटून साखळीसह हवेतून येतो. त्या रेषेत चालक, हमाल किंवा नुसता पाहायला आलेला शेतकऱ्याचा मुलगा उभा असतो. शेठजी त्या वेळी पेढीवर असतात.

म्हणूनच पिकअपला पुढच्या बाजूस भक्कम हुक बसवून घेण्याचा विचार अनेक घरांत होतो. विचार योग्य आहे. पण तो बहुधा हुकापाशीच थांबतो. बाजारात लाल रंगाचे, जाड दिसणारे हुक सहज मिळतात आणि कोपऱ्यावरचा फिटर अर्ध्या तासात ते बसवून देतो. हुक किती जाड आहे यापेक्षा तो कशाला धरून आहे, हा खरा प्रश्न आहे.

काही गाड्यांना बंपरखाली जी कडी आधीपासून असते, तिच्यावरही डोळे झाकून विसंबू नये. काही कड्या गाडी कारखान्यातून ट्रेलरवर नेताना बांधून ठेवण्यापुरत्या असतात. काही बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सावकाश ओढण्यासाठी असतात. चिखलातून उपसून काढण्याचा भार वेगळाच असतो. आपल्या गाडीची कडी कोणत्या कामाची आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे. ती पुस्तिका बहुतेक घरांत विम्याच्या कागदांखाली न उघडलेली पडून असते.

भाराचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकी सैन्यात एक ठोकताळा वापरतात. चाके रुतली असतील तर गाडीच्या एकूण वजनाएवढी ओढ लागते. चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट. केबिनपर्यंत असेल तर तिप्पट. भरलेली पिकअप सहज 3 टनांची होते. म्हणजे मडगार्डपर्यंत रुतलेल्या गाडीला 6 टनांची ओढ, आणि तीही झटका न देता, संथपणे ओढली तर. साखळीला ताण घेण्याचा गुण नाही. ढिली साखळी एकदम ताठ झाली की भार क्षणभर कितीतरी वाढतो.

आता बोल्टचा हिशेब पाहावा. हार्डवेअरचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना तो नवा नाही, तरी स्वतःच्या गाडीसाठी तो सहसा मांडला जात नाही. बोल्टच्या डोक्यावर 8.8 असे कोरलेले असेल तर पहिला आकडा सांगतो की त्याचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटनपर्यंत तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या 80 टक्क्यांवर ते कायमचे ताणले जाऊ लागते. 12 मिलिमीटरचा असा बोल्ट सरळ ओढीत सुमारे पावणेसात टनांना तुटतो. त्याच जाडीचा 4.6 दर्जाचा साधा बोल्ट निम्म्यातच तुटतो, आणि 2 टनांच्या आसपासच ताणू लागतो. भार आडवा आला तर दोन्हींची ताकद आणखी घटते. दोघांच्या किमतीत फरक असतो तो थोड्या रुपयांचा. ज्या बोल्टवर कोणताच आकडा नाही, तो या कामासाठी नाहीच असे समजावे.

हुक चॅसिसच्या लांबट दांड्यांवर, कारखान्याने ठेवलेल्या छिद्रांतूनच बसवावा. चॅसिसला नवी छिद्रे पाडणे किंवा हुक वेल्डिंगने चिकटवणे, दोन्ही टाळावे. उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचा गुण बदलतो आणि तडा पुढे कधीतरी, भरल्या गाडीत, दिसतो. गाडीच्या कंपनीच्या सुट्या भागांत तसा हुक मिळत असेल तर तोच घेणे सर्वांत सोपे. शक्यतो डाव्या-उजव्या दांड्यांवर एकेक, असे दोन हुक असावेत आणि दोहोंना मिळून एक पट्टा लावावा. येथेही एक बारकावा आहे. पट्ट्याच्या दोन बाजू जेथे जुळतात तेथील कोन 60 अंशांचा असेल तर प्रत्येक हुकावर एकूण ओढीच्या 58 टक्के भार येतो. पट्टा आखूड पडून कोन 120 अंशांचा झाला तर प्रत्येक हुकावर पूर्ण भार येतो आणि दुसऱ्या हुकाचा खर्च वाया जातो.

हुकाबरोबर पुढे मोठा लोखंडी गार्डही बसवून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले की असे गार्ड बसवणे हे मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 चे उल्लंघन आहे. कायद्यापलीकडेही कारण आहे. बंपर आणि बॉनेट धडकेत दबतात. ताठ लोखंड दबत नाही आणि सगळा आघात समोरच्या पादचाऱ्याच्या अंगावर जातो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात रस्त्याच्या कडेने कोण पायी चालत असते, हे जैन घरात वेगळे सांगावे लागत नाही. बंपरच्या पुढे डोकावणाऱ्या हुकालाही हाच न्याय लावावा.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ मोजले आहे. बैलावर, उंटावर, मजुरावर त्याच्या शक्तीपेक्षा अधिक ओझे लादणे, असा त्याचा अर्थ. बैलगाडीच्या काळात तो डोळ्यांना दिसत असे. बैल गुडघ्यावर बसे. पिकअप बसत नाही, तक्रारही करत नाही, त्यामुळे अतिभार कोठे गेला हे चटकन उमगत नाही. लोखंडाला वेदना नसते हे खरे. पण लोखंडावर टाकलेला जादा भार तुटतो तेव्हा तो शेजारी उभ्या असलेल्या जिवावर जातो, आणि तो जीव बहुधा दुकानाच्या पगारावर असतो.

यावर सर्वांत स्वस्त उपाय हुकाच्या आधीचा आहे: माल उतरवणे. 50 किलोच्या 30 गोण्या खाली ठेवल्या की दीड टन कमी होतो. ताडपत्री अंथरून गोण्या झाकल्या, फावड्याने चाकांपुढची माती काढली, दगड किंवा फळ्या घातल्या, तर पुष्कळदा ट्रॅक्टरची ओढ सौम्य पुरते. ओढायचेच असेल तर साखळीऐवजी भारक्षमता छापलेला पट्टा घ्यावा. शॅकलवरही आकडा कोरलेला असतो. पाऊण इंची चांगल्या शॅकलवर 4.75 टन दिसेल. पट्ट्याच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे, म्हणजे तुटलाच तर त्याचा उसळीचा जोर कमी होतो. माणसे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभी करावीत, आणि पट्ट्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये.

हे सारे चालकाला ठाऊक असते, निदान अर्धे तरी. तरीही तो झटका देऊ देतो, कारण माल उतरवायला तास-दीड तास जातो, हमाली वाढते, दोन गोण्या भिजल्या तर दुकानात जाब द्यावा लागतो, आणि त्याच वेळी पेढीवरून तिसऱ्यांदा फोन येतो, ‘अजून निघाला नाहीस?’ ज्या पेढीने हुक बसवला तिने ज्येष्ठातच चालकाला स्पष्ट सांगून ठेवावे, की गाडी रुतली तर माल उतरवायचा की नाही हे तोच ठरवील. त्या दिवसाची जादा हमाली आणि भिजलेल्या गोण्या दुकानाच्या खर्चात लिहिल्या जातील, त्याच्या पगारात नव्हे.