दारावरचा कॅमेरा कोणाकडे पाहतो?

नायगावच्या बीडीडी चाळींची रचना सगळ्यांना ठाऊक आहे. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. साधारण १६० चौरस फुटांची खोली, दार बंद केलं की जीव गुदमरतो, म्हणून दिवसभर दार उघडं आणि त्यावर पडदा. ज्या चाळी अजून उभ्या आहेत, तिथे आता दारांवर मोबाइलशी जोडलेले कॅमेरे दिसू लागलेत. पडदा हलला की आतला ओटा, मुसल्ल्यावर बसलेली दादी, ओढणी काढून केस विंचरणारी मुलगी, सगळं समोरच्यांच्या मोबाइलवर. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अम्मीने विचारलं, "टीचर, कॅमेरा त्यांच्या भिंतीवर आहे. आम्ही बोलायचं कसं?"

जरूर बोलायचं. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यायला सांगितलं आहे. नजरेला ते लागू नाही का? कायद्याचंही ऐका. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. कोलकात्यात एकाच घरातल्या दोन नातेवाइकांचा वाद उच्च न्यायालयात गेला. सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरवलं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तो वाद एका घरातला होता, शेजाऱ्यांचा नव्हे; पण संमतीचा मुद्दा तोच.

मात्र एक पळवाट आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती कारणासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाही. कंपनीने सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड, समोरचे चाचा मात्र त्यातून मोकळे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, पण ते स्त्रीला कपडे बदलताना वगैरे टिपण्याबद्दल. दारात भाजी निवडणाऱ्या बाईसाठी ते उपयोगी पडेलच असं नाही.

चाचांची नियत साफ असेलही. पण कॅमेरा इंटरनेटवर आहे, एकट्या चाचांच्या ताब्यात नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली बायकांच्या तपासणीची चित्रफीत विकली जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीचे तरुण होते. अशा कॅमेऱ्यांचा मूळ पासवर्ड कोणी बदलतच नाही, हे या प्रकरणात पुन्हा दिसलं.

तेव्हा त्या अम्मीला मी सांगितलं: आधी चहा पाजून बोला. कॅमेरा त्यांच्याच उंबऱ्याकडे वळवा म्हणावं, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा, पासवर्ड आजच बदला. ऐकलं नाही तर लेखी द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा, मग पोलीस ठाणे. चित्रफीत बाहेर गेल्याचा संशय आला तर लगेच १९३० ला फोन.

नायगावच्या ४२ चाळींच्या जागी म्हाडा टॉवर बांधत आहे. ५०० चौरस फुटांचं घर मिळेल, सोसायटी होईल, लिफ्टपासून गच्चीपर्यंत कॅमेरे येतील. घरगुती वापराची सूट व्यक्तीला आहे, सोसायटीला नाही. पहिल्याच सभेत विचारा: रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार, आणि ते पाहणार कोण?