पाप एकाचं, बदनामी दुसऱ्याची

मंडळी, गेल्या गणेशोत्सवात मुलांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनावर नाटिका केली. मुलं छान बोलली, ‘काका, मला वाचवा’ला सभागृह गप्प झालं. पण खलनायक एकच होता, काजळ फासलेली आनंदीबाई! राघोबादादा बिचारे गोंधळलेले काका. परतताना मुलीनं विचारलं, “बाबा, खून तर काकाच्या माणसांनी केला ना?”

खरंच आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं. गारद्यांशी संधान राघोबांचं होतं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून त्यांनाच दोषी धरलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला याला मात्र भक्कम पुरावा नाही. तरी अडीचशे वर्षं शिवी त्यांनाच, आणि राघोबा कोण? तर अटकेपार झेंडे लावणारे! १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून त्यांनी घरात वाघ आणला, तेही आपण सोयीनं विसरतो.

आमचे ग्रंथ असे नाहीत हो. झोपेत द्रौपदीची पाच मुलं कापणारा अश्वत्थामा गुरुपुत्र, ब्राह्मण, पराक्रमी. महाभारतानं यातलं काहीही सबब म्हणून पुढे केलं नाही. मस्तकीचा मणी काढून घेतला आणि रक्तपुवानं माखून एकट्यानं रानोमाळ भटकण्याचा शाप दिला. जखमेसाठी तो दारोदार तेल मागत फिरतो, असं आमची आजी सांगे. वाढदिवसाला मुलांपुढे आपण सात चिरंजीवांची नावं घेतो, त्यात पहिलं त्याचंच! त्याचं चिरंजीवपण ही शिक्षा आहे, हे किती घरांत सांगतात? आणि ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथही व्यासांनी जमिनीवर आणलाच. आपला म्हणून सूट नाही.

आपल्या मुलांचे जर्मन वर्गमित्र शाळेतर्फे बर्लिनच्या वान्झे तळ्याकाठचा बंगला बघायला जातात. तिथे २० जानेवारी १९४२ ला पंधरा अधिकारी ज्यूंच्या संहाराची आखणी करायला बसले होते. पंधराही जणांची नावं, हुद्दे, छायाचित्रं तिथे लावलेली आहेत. त्यांच्या बायकांवर कोणी ढकलत नाही.

“एवढ्याशा नाटिकेत कुठे इतिहास काढता?” असं एक काका म्हणाले. मग आनंदीबाईला तरी कशाला काढलीत?

यंदा नाटिका पुन्हा बसवणार असाल तर रामशास्त्र्यांचा प्रवेश घाला. कोणी मुलगा मिळाला नाही तर आमची कन्या तयार आहे, पगडी आम्ही आणू.