नकाराचा अधिकार

पाटोद्यासारख्या विमानतळ नसलेल्या तालुक्याच्या गावी प्रचाराचे खासगी हेलिकॉप्टर उतरावयाचे ते तात्पुरत्या तळावरच. ३ मे २०२४ रोजी महाड येथे असेच एक हेलिकॉप्टर उतरताना कोसळले. वैमानिक बचावला, हे सुदैव. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पुण्यानजीक बावधन येथे दुसऱ्या एका खासगी हेलिकॉप्टरच्या अपघातात तिघांचे प्राण गेले. तारा, धूळ, वारा, धुके यांचा हिशेब आधी मांडणे हे सुरक्षा समन्वयकाचे काम. परंतु ज्या मालकाचा पगार घ्यावयाचा, त्याच्याच गिऱ्हाइकास अडवावयाचे, अशी ही अवघड नोकरी आहे. म्हणून त्याचा नकार अखेरचा मानावा आणि त्यापायी त्याच्या पोटावर पाय येऊ नये, ही हमी सरकारनेच दिली पाहिजे. सभा तासभर उशिरा भरल्याने लोकशाहीचे काही बिघडत नाही.