पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की उपनगरांत पीसी जोडायचा हंगाम सुरू होतो. पूर्वी त्यासाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा लागे (डॉ. भडकमकर मार्ग हे नाव पाटीवर आहे, तोंडात क्वचितच). आता मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस वेगवेगळ्या दिवशी कुरिअरने दारात येतात, मुलगा व्हिडिओ बघत ते जोडतो आणि बटण दाबतो. दिवे लागतात, पंखे फिरतात, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. घरात लगेच निदान होतं: मदरबोर्ड गेला.

बोर्ड इतक्या सहजी जात नाही. नव्या पीसीत आधी संशय घ्यावा तो जोडणीवर, आणि शोध फुकटातल्या उपायापासून सुरू करावा.

ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे त्यात ग्राफिक्सचा भागच नसतो. तिथे बोर्डाला लावलेल्या केबलीतून काहीही येणार नाही. दुसरी ठरलेली चूक म्हणजे 24 पिनांचा मोठा कनेक्टर बसवतात आणि प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा राहून जातो. पंखे फिरतात, प्रोसेसर उपाशी. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात, आणि 'मोडेल की काय' या भीतीने अर्धवट दाबलेल्या असतात. खट्ट आवाज येईपर्यंत दाबा.

डीडीआर5 रॅमची गंमत वेगळी. 2022 साली आलेल्या एएमडीच्या एएम5 बोर्डांवर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेत बसतो आणि कधी कधी कित्येक मिनिटं पडदा काळाच राहतो. घाबरून मध्येच बटण बंद केलं की तेच पहिल्यापासून सुरू. चहा करून या, हा इथे तांत्रिक सल्ला आहे.

जुना स्टॉक हे आणखी एक कारण. 2018 चा बी450 बोर्ड आणि 2020 च्या अखेरीस आलेला रायझन 5000 मालिकेतला प्रोसेसर एकत्र चालतात, पण बायोस नवं असेल तरच. काही बोर्डांवर पेनड्राइव्ह लावून, प्रोसेसरशिवायही, बायोस बदलायचं बटण असतं. नसेल तर कुणाचा तरी जुना प्रोसेसर मागून आणा.

तक्रारींत एक भलतीच तक्रार मिसळलेली असते: 'कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.' लोक एसएमपीएस बदलतात, झिणझिण्या तशाच. वीज अंधेरीला अदानीची असो की मुलुंडला महावितरणची, इमारतीच्या आतलं वायरिंग आपलं आणि सोसायटीचं असतं. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. एसएमपीएसमध्ये लाइन आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर 230 च्या जवळपास निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून फक्त चुरचुरतं. पण त्याच जागी खरा लीकेज झाला तर अर्थिंगशिवाय वाचवणारं फारसं काही उरत नाही. आधी वायरमन बोलवा, पीसीवाल्याला नंतर.

ऑनलाइन माल स्वस्त पडतो हे खरं. पण दुकानदार जे चार पैसे जास्त घेतो ते तपासणीचे समजून द्यावेत, आणि ती तपासणी हक्काने मागावी: बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमची एक पट्टी काउंटरवरच चालू करून बायोसचा स्क्रीन दाखवा, मग बिल. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान.

खोकी घरी आलीच असतील तर हेच घरी करा. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चकचकीत पिशवीतून येतो तिच्यावर नको, तिचा बाहेरचा थर वीजवाहक असू शकतो. कूलर आणि एकच रॅम बसवा आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवा. स्क्रीन आला तरच सगळं कॅबिनेटमध्ये. नाही आला तर रॅमची दुसरी पट्टी, मग दुसरी खाच. एका वेळी एकच बदल. तरीही काळंच असेल तर बोर्ड खुशाल परत पाठवा, पण आधी सॉकेटमधल्या पिनांचा जवळून फोटो काढून ठेवा. वाकलेली एक पिन दाखवून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.