धडधड हृदयाची, भय मनाचे

हृदय हा शरीरातील सर्वात अबोल सेवक. मिनिटाला ६० ते १०० या गतीने ते दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते आणि धन्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही. मात्र एखाद्या रात्री, घर निजलेले असताना, छातीत काहीतरी उलटल्यासारखे होते. एक ठोका गळतो, पाठोपाठ जोराचा धक्का बसतो आणि त्या क्षणापासून सेवकावरचा विश्वास उडतो. पुढे इसीजी होतो, टूडी इको होते, रक्त तपासले जाते. डॉक्टर सांगतात, "हृदय उत्तम आहे, काही झालेले नाही." रुग्ण घरी येतो, त्याच्यासोबत धडधडही घरी येते. या ‘काही नाही’चे पुढे करायचे काय, हा प्रश्न आज कितीतरी घरांत आहे. तो वैद्यकाचा जितका आहे, तितकाच कुटुंबाचा आणि समाजाचाही आहे.

‘ठोका चुकला’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा ठोका चुकलेला नसतो. तो वेळेआधी आलेला असतो. हृदय पुरते भरण्याआधीच ते आकुंचन पावते, म्हणून तो ठोका मनगटाच्या नाडीत जाणवत नाही. त्यानंतर क्षणभर विराम येतो, त्या अवधीत रक्त नेहमीपेक्षा अधिक भरते आणि पुढचा ठोका जोरकस पडतो. धक्का जाणवतो तो हाच. चोवीस तास हृदयाची नोंद ठेवणारे होल्टर यंत्र निरोगी माणसांना लावले, तरी असे अवेळी ठोके पुष्कळांत आढळतात. जागरण, अतिरिक्त चहा-कॉफी, तंबाखू, ताप, गर्भारपण, रजोनिवृत्तीचा काळ आणि मनावरील ताण यांनी ते वाढतात.

येथे एक भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. प्रत्येक धडधड निरुपद्रवी नसते. धडधडीबरोबर शुद्ध हरपणे, श्रम करताना ती सुरू होणे, छातीत दुखणे, दम लागणे किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात दगावलेले असणे, ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. पंडुरोग, थायरॉइडचा विकार, संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा यांचाही शोध घ्यावाच लागतो. म्हणून पहिली पायरी तपासणीचीच. परंपरेच्या अभिमानापोटी ती टाळून थेट काढे-चूर्णांकडे किंवा प्राणायामाकडे वळणे हा परंपरेचाही अवमान आहे.

प्रश्न आहे तो तपासणीनंतरचा. ठोका जाणवला की मन दचकते. दचकलेल्या मनाच्या आज्ञेने अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते. त्याने हृदयाची गती वाढते आणि वाढलेली गती भयाला नवा पुरावा पुरवते. मग बोट नाडीवर ठेवण्याची सवय जडते. आता तर मनगटी घड्याळच नाडी मोजते. जिना चढणे नको, प्रवास नको, एकटे राहणे नको, असे करत निरोगी हृदयाचा माणूस रुग्णाचे जीवन जगू लागतो.

ही काही केवळ आजच्या धावपळीची देणगी नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धात सैनिकांना अशीच धडधड, छातीतील वेदना आणि थकवा यांनी ग्रासले होते. जेकब मेंडेस डा कोस्टा या वैद्याने त्यांचा अभ्यास करून १८७१ साली तो प्रसिद्ध केला. पुढे पहिल्या महायुद्धातही हीच लक्षणे घेऊन हजारो सैनिक रुग्णालयांत दाखल झाले. रणांगणावर उभी राहणारी ही माणसे भित्री होती, असे कोण म्हणेल?

भय जेथे आहे, तेथे त्याचा बाजारही असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे ४६व्या वर्षी अकस्मात निधन झाले, तेव्हा बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी रांगा लागल्या. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या आकस्मिक मृत्यूंच्या चित्रफिती हे भय रोज ताजे ठेवतात आणि ‘संपूर्ण हृदय तपासणी’च्या सवलतींच्या जाहिराती त्याची किंमत वसूल करतात. परंतु निष्कारण तपासणी आणि औषध नेहमीच निरुपद्रवी असते, असे नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे अवेळी ठोके औषधांनी दडपण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. ठोके कमी झाले, पण त्यातील दोन औषधे घेणाऱ्यांत मृत्यूच अधिक झाले, असे १९८९ साली उघड झाले. डॉक्टर ‘औषधाची गरज नाही’ म्हणतात, त्यामागे अनेकदा हा अनुभव असतो, बेपर्वाई नव्हे. मात्र हे समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे देणे हाही उपचारच आहे.

उरतो तो घराचा वाटा. ‘मनाचे खेळ आहेत’, ‘भित्रा स्वभाव आहे’ अशी वाक्ये घराघरांत सहज उच्चारली जातात. गीतेच्या आरंभी अर्जुनाची अवस्था काय वर्णिली आहे? गात्रे शिथिल होतात, तोंड कोरडे पडते, शरीर कापते, मन भोवंडते, गांडीव हातातून गळते. भगवंत या दुर्बलतेबद्दल त्याला प्रथम खडसावतात, हे खरे. पण ते केवळ दोन श्लोकांत. त्याने अर्जुन उठला नाही. तो उठला अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, सारे प्रश्न विचारून झाल्यावर, शंका फिटल्यावर. सारथी तोवर रथ सोडून गेला नाही. आपण मात्र ते दोन श्लोक तेवढे पाठ केले आणि उरलेला धीर विसरलो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा तिसावा अध्याय हृदयाचा विचार करतो. हृदयाचे रक्षण करू इच्छिणाऱ्याने मनाला दुःख देणारी कारणे विशेषत्वाने टाळावीत, असा त्याचा उपदेश आहे. मनाला शरीरापासून तोडून ‘नुसते मन’ म्हणून हिणवणे ही आपली दृष्टी नव्हेच.

पूर्वीच्या भरल्या घरात रात्री दचकून उठलेल्याच्या पाठीवर हात ठेवायला कोणीतरी जागे होत असे. त्या घरालाही त्याचे जाच होते. पण भयाला तेथे एकांत मिळत नसे. आजच्या दोन खोल्यांच्या घरात तो हात कोणाचा, हे ठरवावे लागेल. वेळेवर झोप, चहा-तंबाखूला आवर, रोजचे चालणे, जाणत्याच्या मार्गदर्शनाखाली संथ श्वसन, नाडी वारंवार न मोजण्याचा निश्चय हे सर्व उपयुक्त आहे. भय तरीही हटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात लाज कसली?

धडधड कदाचित पुढेही अधूनमधून येत राहील. ती पूर्णपणे थांबण्याची वाट पाहत जगणे थांबवू नये. हृदय आपले काम करीत आहे. ज्याचा धीर खचला आहे, त्याच्याजवळ थोडा वेळ बसणे हे काम आपले आहे.